मण्यांच्या चपला, जोड एक

१० जून, सोमवार

आईला जाऊन आज आठवडा झाला. वकील पोन्नुसामींच्या ऑफिसात मृत्युपत्र वाचलं. एक्झिक्युटर म्हणून माझं नाव. मला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. एकतीस वर्षं विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासलेला मुलगा घरात असताना आई दुसऱ्या कुणाला नेमणार? दुसरं कोण, तर माझी धाकटी बहीण गाइक चू. स्वभावाने चांगली, व्यवहारात शून्य.

घर तिला. ते योग्यच आहे. नवरा गेल्यापासून ती मुलीला, हुई मिनला, घेऊन आईपाशी राहिली, बारा वर्षं आईचं सगळं तिने केलं. माझाही हातभार होता. दर रविवारी न चुकता जेवायला जात होतो. घरातलं सामान मात्र दोघांत निम्मं, किमतीच्या हिशेबाने, आणि किंमत एक्झिक्युटरने ठरवायची.

पोन्नुसामी म्हणाले, सेंग पो, एक ओळ लिहून द्या की झालं, 'घरातील किरकोळ सामान, अंदाजे दोन हजार रिंगिट', सगळे तसंच करतात. मी म्हटलं, सगळे करत असतील. माझ्या आईचा संसार एका ओळीत मावायचा नाही.

संकल्प: पूर्ण यादी. सहा रकाने: क्रमांक, वस्तू, वय, अवस्था, किंमत, सध्या कोणाकडे. दोन आठवड्यांत काम खलास.

११ जून, मंगळवार

स्टिकर आणले. लाल म्हणजे मौल्यवान, पिवळा म्हणजे साधारण, हिरवा म्हणजे टाकाऊ. गाइक चूला नियम समजावला: यादी पुरी होईपर्यंत घरातली एकही वस्तू बाहेर जाणार नाही. ती म्हणाली, बरं हिआ, पण दुपारी जेवायला ताटल्या घेऊ की नको?

थोरल्या भावाला हिआ म्हणावं, त्याचा शब्द मानावा, अशी आमच्याकडची रीत. ती हिआ म्हणते, पण अशा सुरात की त्यातला मान कुठे जातो कळत नाही. ताटल्यांना परवानगी दिली. धुऊन नंबराप्रमाणे लावायच्या.

आज साठ वस्तू करायच्या ठरल्या होत्या. सात झाल्या. कारण: जेवण. चिंचेचं माशाचं कालवण होतं, ते तीन वेळा वाढून घेतलं नाही तर स्वयंपाकाचा अपमान होतो.

१४ जून, शुक्रवार

एक्केचाळीस वस्तू. वेग वाढतोय.

गैरसमजाचा एक छोटा प्रसंग. देवघराच्या फळीवर आईचा फोटो आहे. फ्रेमला मी पिवळा स्टिकर लावला होता. फक्त फ्रेमला, फोटोला नाही. गाइक चूने तो काढला, माझ्या हातातल्या पाकिटातून एक हिरवा घेतला आणि माझ्या शर्टाच्या खिशाला चिकटवला. तसाच बसने घरी आलो. समोरची बाई सारखी बघत होती.

दुपारी ती म्हणाली, हिआ, मला यातलं काहीच नको, सगळं तू ने. मला फक्त आईच्या मण्यांच्या चपला दे. डिसेंबरात हुई मिनचं लग्न आहे, ती घालील. आईने तिला शब्द दिला होता.

चपला पाहिल्या. जुन्या. टाच झिजलेली. वर बारीक बारीक काचेच्या मण्यांची फुलं, मधे एक पोपट. आईने सोळाव्या वर्षी स्वतःच्या लग्नासाठी स्वतः केलेल्या. हिरवा स्टिकर. किंमत: पाच रिंगिट. म्हटलं, मिळतील, पण यादी झाल्यावर. आज तुला पाच रिंगिटची वस्तू दिली तर उद्या मला कपाट उचलायला कोण अडवणार? ती म्हणाली, कुणी नाही, उचल की. तिला तत्त्व कळत नाही.

१९ जून, बुधवार

मोठा शोध. दिवाणखान्यातली निळी फुलदाणी. इतकी वर्षं आम्ही तिच्यात छत्र्या ठेवत होतो. टिचकी मारली, आवाज राजघराण्यातला. वय निदान दीडशे. किंमत अठरा हजार. बहिणीला तूर्त सांगितलं नाही, उगाच बोभाटा नको.

आणखी एक. आईच्या कपाटात खाली सहा खोकी सापडली, सगळी सीलबंद: पाय शेकायचं यंत्र, रक्तदाब मोजायचं यंत्र, भिंतीवरचं बोलणारं घड्याळ वगैरे. सगळ्या मी दिलेल्या भेटी, नव्या वर्षाच्या. वापरून खराब होतील म्हणून आईने उघडल्यासुद्धा नाहीत. डोळ्यांत पाणी आलं. लाल स्टिकर.

२५ जून, मंगळवार

जुन्या वस्तूंचे व्यापारी श्री. ओंग यांना बोलावलं, नुसतं माझ्या आकड्यांवर शिक्कामोर्तब करायला. त्यांनी फुलदाणी उलटी केली, बूड वाचलं आणि अदबीने परत ठेवली. म्हणाले, बिस्किटांच्या डब्यावरची कुपनं साठवली की ही मिळायची, आमच्याकडेपण होती. ओंग यांची नजर तितकीशी तयार नाही.

जाता जाता ते हिरव्या ढिगापाशी थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. चपला हातात घेतल्या, दिवाणखान्याच्या दारात उजेडात नेल्या. कुणी केल्या म्हणून विचारलं. मग म्हणाले, असे मणी आता बनत नाहीत, असं कामही कुणी करत नाही. साडेतीन हजार, आत्ता, रोख.

नाही म्हटलं. हिरवा स्टिकर काढून लाल लावला. खरं तर मला पहिल्यापासून संशय होताच.

२६ जून, बुधवार

विचार केला. बाकी सगळं सोडून माणूस एकच वस्तू मागतो, तेव्हा त्याला तिची किंमत ठाऊक असते. एकतीस वर्षांचा अनुभव.

हिशेब केला. चपला साडेतीन हजार. बाकीचं सामान (फुलदाणी ओंगच्या मताने धरून) एकवीसशे. निम्मे अठ्ठावीसशे. म्हणजे गाइक चूने चपला घेतल्या तर मला ती सातशे देणं लागते. कागदावर नीट मांडून दाखवलं. घरातलं छत गळतं तिकडे ती जशी बघते तशी माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, हिआ, आईच्या चपला मी तुझ्याकडून विकत घेऊ?

भावनेच्या भरात आकडे दिसत नाहीत लोकांना. मी सांगितलं, घाई नाही, हप्त्याने दे.

संकल्प: वाटणी होईपर्यंत चपला सुरक्षित जागी.

२ जुलै, मंगळवार

जागा क्रमांक एक, तांदळाची कोठी. अयशस्वी. गाइक चूने भातासाठी माप घातलं आणि चपला काढून माझ्यासमोर टेबलावर ठेवल्या. या वेळी हिआसुद्धा म्हणाली नाही.

जागा क्रमांक दोन, लोलकाचं घड्याळ. घड्याळ बंद पडलं. शेजारच्या म्हातारीने येऊन सांगितलं, तुमच्या आईचा जीव घरात अडकलाय, घड्याळ थांबलं ही खूण आहे. चपला काढल्यावर घड्याळ चालू झालं. म्हातारी आता रोज येते.

५ जुलै, शुक्रवार

चोंग अंकलच्या कागदकामाच्या दुकानात. एकविसाला आईचा एकोणपन्नासावा दिवस. त्या दिवशी जाळू ते सगळं आईला तिकडे मिळणार, तेव्हा तडजोड नाही. दुमजली कागदी बंगला, गाडी, शिवणाचं मशीन, दोन नोकर आणि कपड्यांनी भरलेलं कपाट. अंकलने विचारलं, बंगल्याचे कागद कुणाच्या नावाने करू? मी म्हटलं आईच्याच, आणि मला प्रत्येक वस्तूची वेगळी पावती हवी. ते म्हणाले, पन्नास वर्षं धंदा करतोय, पावती मागणारा मेलेला भेटला नाही आणि जिवंतही. तरी दिली.

१३ जुलै, शनिवार

कागदी सामान घरी आलं. दिवाणखाना भरून गेला. कपाट बघत राहावं असं: बांबूच्या कामट्या, त्यावर लाल कागद, दारं खरोखर उघडतात, आत कागदी ब्लाउज आणि सारोंग टांगलेले. माझ्या कंबरेइतकं उंच.

मेलेल्या माणसाच्या कपाटात हात घालायची कुणाची छाती होणार? गाइक चू तर पुसायलासुद्धा त्याला हात लावत नाही. चपला वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि कागदी कपड्यांच्या मागे ठेवल्या. जागा क्रमांक तीन. ही जागा मला सुचली याचा अभिमान वाटतो.

एकविसाच्या आधी काढायच्या, अर्थात. सोमवारी सकाळी पहिलं काम.

१५ जुलै, सोमवार

चपला काढायच्या होत्या. पण शेजारची म्हातारी घड्याळासमोर खुर्ची टाकून बसली होती. तिच्यादेखत कपाट उघडणं बरं दिसलं नसतं. उद्या.

१७ जुलै, बुधवार

बुटांच्या फडताळाची यादी. क्रमांक १८८ ते २०३. गाइक चूशी बोलाचाली. ती म्हणाली, हुई मिन सारखी विचारते, तिला काय सांगू? म्हटलं, मामा बघून घेईल सांग. ती म्हणाली, तेच सांगितलं, म्हणून तर ती काळजीत आहे.

चपला: उद्या नक्की.

२० जुलै, शनिवार

विधीसाठी भाषण तयार केलं. जाळायच्या प्रत्येक वस्तूचं नाव मोठ्याने वाचायचं, म्हणजे आईला नीट ताबा घेता येईल. आजवर कुणी इतकं पद्धतशीर केलं नसेल. चार वेळा तालीम केली. चपला सकाळी, टेम्पो यायच्या आधी.

२१ जुलै, रविवार, सकाळी ६.१०

लवकर उठलो. डोकं एकदम साफ आहे. आज सगळं हातात आहे. पावत्या घेतल्या, यादी घेतली, लाल दोरा घेतला. टेम्पो अर्धा तास आधीच येऊन उभा आहे म्हणून गाइक चूचा फोन. निघतो.

२१ जुलै, दुपारी २.३०

चपला कपाटात होत्या.

२१ जुलै, संध्याकाळी

जमेल तसं लिहितो.

देवळामागच्या मोकळ्या जागेत सगळं मांडलं. बेवारशी भुतांनी मधेच लुटू नये म्हणून सगळ्यांनी लाल दोरा धरून गोल केला. मी सगळ्यांना बजावलं की जाळात कुणी काठी खुपसायची नाही, इथे मोडलेलं तिकडे मोडकंच पोचतं. चोंग अंकलच्या माणसाने कपाट उचलताना म्हटलं, हे जड लागतंय. मी म्हटलं, पैसे मोजलेत, बांबू चांगलाच असणार.

थोरल्याने पेटवायचं. मी पेटवलं. यादी वाचायला लागलो. आई, बंगला घे. आई, गाडी घे. आई, शिवणाचं मशीन घे. आई, कपाट घे, कपड्यांसकट.

कपड्यांसकट म्हटलं आणि पुढचं वाचता येईना. लोकांना वाटलं गहिवर आला. एका मावशीने पाठीवरून हात फिरवला. मी बांबू उचलून जाळाकडे निघालो तर तिनेच मनगट धरलं. म्हणाली, अरे, आत्ता तूच सांगितलंस ना, खुपसायचं नाही म्हणून? मी म्हटलं, नुसतं बघत होतो.

बाहीवर लावलेला शोकाचा काळा तुकडा, तोही तिथेच जाळून आलो.

घरी आल्यावर गाइक चूला सांगितलं. ती पायरीवर बसली. मग रडायला लागली. आईच्या शवपेटीपाशीसुद्धा ती अशी रडली नव्हती, तिथे ती सगळ्यांना चहा देत होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, आता ते सातशे रिंगिट द्यायची गरज नाही.

ती उठून आत गेली. दार लोटलं, आपटलंही नाही.

२२ जुलै, सोमवार

सवयीने दाव्याचा फॉर्म भरला, घरी पडलेले होते. नुकसानीचं कारण: मौल्यवान वस्तू कागदी कपाटात लपवली, त्यानंतर कपाट जाहीर समारंभात स्वतःच पेटवलं. साक्षीदार: चाळीस. तपासनीसाचा शेरा मीच लिहिला. दावा फेटाळण्यात येत आहे.

२८ जुलै, रविवार

बारा वर्षांत पहिल्यांदा रविवारी जेवायला ये म्हणून गाइक चूचा फोन नाही. तिला विश्रांतीची गरज असेल. कोपऱ्यावरच्या गाड्यावर नूडल्स खाल्ल्या. गाडीवाल्याने विचारलं, आज रविवारी इकडे कसे? त्याला काय करायचंय.

३१ जुलै, बुधवार

उद्यापासून भुतांचा महिना, मग तिकडे कुणी फिरकणार नाही. म्हणून आज पिठाची चाळणी घेऊन देवळामागे गेलो. राख अजून तशीच होती. साडेतीन तास चाळली. काच जळत नाही हे मी दाव्यांमध्ये शेकडो वेळा पाहिलंय. एकमेकांत वितळून बसलेला एक गोळा आणि सुटे अकरा मणी मिळाले. काड्यापेटीत घालून थेट गाइक चूकडे.

वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिने पेटी उघडली, कुठून आणलं विचारलं, आणि तिचा चेहरा बघून मी दोन पावलं मागे आलो. म्हणाली, हिआ, तिकडे पोचल्या त्या. आता आईच्या पायातून ओढून आणतोस? जा, ठेवून ये.

गेलो. ती पण आली, पाच पावलं मागून. मणी राखेत ठेवले. तिने उदबत्ती लावली. मी आईची माफी मागितली, मोठ्याने, यादी न करता.

परत येताना ती आपणहून बोलली. शेवटच्या महिन्यांत आई रोज चपला काढायला लावायची. पाय सुजले होते, बोटंसुद्धा आत जायची नाहीत. मग म्हणायची, असू दे, तिकडे पाय सुजत नसतील, तिकडे घालीन. मी विचारलं, मग हुई मिनला शब्द कसा दिला? गाइक चू म्हणाली, आई तशीच होती, तोच शब्द दोघीतिघींना द्यायची.

मग मी तिला ते विचारलं, जे मला ठाऊकच होतं. आईने एक्झिक्युटर मला का नेमलं? ती म्हणाली, मी विचारलं होतं. आई म्हणाली, त्याला नाही नेमलं तर तो फुगेल आणि रविवारी यायचा बंद होईल. आणि यादी करायला बसला की रोज येईल, तुला सोबत होईल.

मग ती म्हणाली, ती सहा खोकी घेऊन जा, तुला परत द्यायलाच ठेवली होती.

४ ऑगस्ट, रविवार

फोन आला. जेवायला गेलो. कालवण दोनदाच घेतलं.

हुई मिनपुढे उभं राहणं फार कठीण गेलं. ती म्हणाली, मामा, मी दुकानातून घेईन, राहू दे. मी जाहीर केलं की डिसेंबरापर्यंत नवा जोड मी स्वतः करीन. मणी, सुई, आईची भरतकामाची चौकट, सगळं घरात आहे. क्रमांक ९७ ते १०२. रोज एक फूल धरलं तर ऑक्टोबरात काम खलास. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. आई गेल्यापासून घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं, तेव्हा मीही हसलो.

११ ऑगस्ट, रविवार

आठवड्यात बसवलेले मणी: एकोणीस. गाइक चूने चष्मा लावून पाहिलं आणि त्यातले सात उसवले. उरले बारा. बोटाला पट्टी. आई सोळा वर्षांची असताना हे करत होती. मी अठ्ठावन्नचा आहे आणि पोपटाची चोचसुद्धा झालेली नाही. यापुढे चपलांना पाच रिंगिट म्हणणार नाही. पाच हजारही म्हणणार नाही.

पोन्नुसामींना काल एक ओळ लिहून दिली: घरातील किरकोळ सामान, अंदाजे दोन हजार रिंगिट. ते म्हणाले, हेच दोन महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. वाटणी झाली. स्वयंपाकघर सगळं गाइक चूचं. मला फुलदाणी आणि सहा खोकी. पाय शेकायचं यंत्र काल उघडलं. चालत नाही.

माझी यादी मात्र मी पुरी करणार. शेवटची ओळ आज जेवण झाल्यावर तिथेच टेबलावर लिहिली. क्रमांक २१४, मण्यांच्या चपला, जोड एक. किमतीपाशी अडलो. गाइक चू भांडी पुसत होती. म्हणाली, तो रकाना सोड, पुढचा लिही. पुढचा होता सहावा, सध्या कोणाकडे. मी तिच्याकडे पाहिलं. तिने हातातली ताटली नंबराप्रमाणे जागेवर लावली आणि सांगितलं, तसं मी लिहिलं.

सध्या कोणाकडे: आईकडे.